हिवाळा सरताच छप्पर पाहावे

माघ सरून फाल्गुन लागला, पहाटेची थंडी अंगावरच्या शालीपुरती उरली आणि आंब्याचा मोहोर झडून त्या जागी मोहरीएवढ्या कैऱ्या दिसू लागल्या, की कोकणातल्या गृहस्थाने सर्वप्रथम जे काम हाती घ्यावे ते म्हणजे आपल्या घराच्या छपराची पाहणी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मांडण्याची आवश्यकता एवढ्याचसाठी वाटते की, ज्या प्रदेशात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, त्याच प्रदेशात छपराकडे मान वर करून पाहण्याचा मुहूर्त अलीकडे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यावर जाऊन ठेपला आहे.

घर शाकारणे, नळे परतणे, कौले चाळणे ही कामे वैशाखातली, हे कोणीही सांगेल, आणि ते यथार्थच आहे. कारण वळवाची एखादी सर सोडल्यास त्या दिवसांत छप्पर उघडे टाकण्याचे भय नसते. परंतु पाहणी आणि दुरुस्ती ही दोन भिन्न कामे आहेत, त्यांचे काळ भिन्न आहेत, आणि ती दोन्ही एकाच पंधरवड्यात उरकण्याची जी सवय आपण लावून घेतली आहे तिच्यातच पावसाळ्यातल्या पुष्कळशा हालअपेष्टांचे मूळ आहे. ज्याला मेच्या विसाव्या तारखेला कळते की आपल्या पडवीचे तीन वासे कुजले आहेत, त्याला सुतार मिळत नाही, कारण सुतार तोवर दहा घरांना शब्द देऊन बसलेला असतो; त्याला वाळलेले लाकूड मिळत नाही, म्हणून वखारीतून ओले उचलावे लागते, आणि ते लाकूड वाळता वाळता पीळ खाऊन वरच्या कौलांची ओळच्या ओळ हलवून टाकते; आणि तळकोकणात सात जूनच्या सुमारास येणारा पाऊस तर कोणाचीच सबब ऐकून घेत नाही. मग अखेरचा उपाय म्हणून आढ्यावरून प्लास्टिक ओढायचे, त्यावर दगड ठेवायचे आणि यंदाचा पावसाळा कसाबसा निभावेल अशा भरवशावर मुंबईची गाडी गाठायची. हेच वासे ज्याने शिमग्याला पाहिले असतील त्याच्या हाती पुरते तीन महिने असतात. चाकरमानी शिमग्याला गावी येतोच. देवाची पालखी घरोघर फिरते, अंगण सारवले जाते, घरातली माणसे एकत्र असतात. त्याच मुक्कामातली एक दुपार छपरासाठी राखून ठेवायला कोणतीही तोशीस पडत नाही.

हिवाळा हा छपराच्या दृष्टीने निरुपद्रवी ऋतू, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती मला मान्य नाही. पावसाळ्यात कौलांवर चढलेले शेवाळ कार्तिक-मार्गशीर्षात वाळते, सुटते आणि घरंगळत खाली येऊन दोन कौलांच्या सांध्यात अडकून बसते. पुढच्या पावसात तेथेच पाणी तुंबून उलटे आत शिरते. शिशिराच्या पानगळीने पन्हळी भरतात. माडाची वाळलेली झावळी वाऱ्याने सुटते ती नेमकी वळचणीवर येऊन आदळते. रानातला चारा आटू लागला की वानरांच्या टोळ्या वस्तीकडे वळतात, आणि एक वानर आंब्यावरून आढ्यावर उडी घेते तेव्हा काय होते हे कोकणात राहणाऱ्याला सांगावयास नको. देशावर आणि शहरांत संक्रांतीच्या पतंगांपायी मुले पत्र्यांवरून धावतात, गच्चीच्या कठड्यांवर चढतात, आणि तुटलेला मांजा व फाटके कागद पाणी जाण्याच्या तोंडाशी गोळा होऊन राहतात. ही सारी हानी हिवाळ्यात होते, आणि आकाश निरभ्र असल्यामुळे तिची वार्ता घरात कोणालाच लागत नाही.

दुसरेही एक कारण आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. गेल्या पावसाळ्यात पाणी जेथे जेथे उतरले, तेथे तेथे वाशांवर आणि भिंतींवर त्याचे तपकिरी ओघळ उमटलेले असतात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते पूर्णपणे वाळून स्पष्ट दिसू लागतात. पुढे उन्हाळ्याची धूळ त्यांवर बसते, लग्नसराईसाठी भिंतींना रंग दिला जातो, आणि तो सारा पुरावा नाहीसा होतो. फाल्गुनातले छप्पर गेल्या पावसाळ्याची कैफियत स्वतःच्या तोंडाने सांगत असते. ती ऐकणारा माणूस मात्र घरात पाहिजे.

या पाहणीसाठी छपरावर चढण्याची गरज बहुधा नसतेच. भर दुपारी, सूर्य माथ्यावर असताना, घराची दारेखिडक्या लावून घ्यावीत आणि माळ्यावर जाऊन उभे राहावे. डोळे काळोखाला सरावेपर्यंत काही क्षण थांबावे. मग एकेक कवडसा दिसू लागतो: कोठे सुईएवढा, कोठे रुपयाच्या नाण्याएवढा, आणि कौल मुळातूनच सरकले असेल तर तळहाताएवढ्या प्रकाशाची तिरपी पट्टी, जिच्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. ज्या वाशाजवळ कवडसा, त्या वाशावर खडूने खूण करावी. उजेडासाठी बसवलेल्या काचेच्या कौलाच्या कडा विशेष काळजीने पाहाव्यात, कारण त्या प्रकाशात बाजूची फट लपून जाते. त्यानंतर हाती टोच्या घेऊन वाशांची टोके, विशेषतः जी भिंतीवर टेकलेली असतात ती, टोचून पाहावीत. चांगल्या लाकडात टोच्या अडतो, कुजलेल्यात तो निमूटपणे आत जातो. वाशाखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर वर किड्याने घर केले आहे असे समजावे, आणि भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आढ्यापर्यंत पोहोचली आहे की काय हे त्याच दिवशी पाहावे. पूर्वी चुलीचा धूर रोज माळ्यातून जात असे आणि लाकडाला धुरी बसून किडीला आपोआप अटकाव होत असे. गॅस आला, स्त्रियांच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे हाल संपले, हे फार चांगले झाले, परंतु धुराने होणारी लाकडाची राखण आता आपल्याला स्वतः करावी लागणार, हे आपण ध्यानात घेतलेले नाही.

वरून पाहणे अपरिहार्यच असेल तर ते जाणत्या माणसाकडूनच करवावे, आणि तेही दंव पूर्ण वाळल्यावर. कौलांवर आडवी फळी किंवा शिडी टाकल्यावाचून त्यानेही पाऊल ठेवू नये. जुना कारागीर कौल हाती घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. अभंग कौल खणखणीत वाजते, आणि ज्याला डोळ्यांना न दिसणारी भेग गेलेली असते ते बद्द आवाज देते. ही परीक्षा क्षणभराची आहे. एका चौरस मीटरला सुमारे पंधरा मंगलोरी कौले लागतात, म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या छपरावर ती दीड हजार असतात, आणि त्यांतली संशयास्पद शे-दीडशे वाजवून पाहणे हे एका सकाळीचे काम आहे.

मंगलोरी कौलांच्या बाबतीत वेळेवर पाहणी करण्याचे एक निकडीचे कारण फारसे बोलले जात नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, पुढे त्या किनाऱ्यावर असे अनेक कारखाने उभे राहिले, आणि त्यांचे कौल गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागले. या कौलाची सारी मातब्बरी त्याच्या खाचांत आहे: एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि पाण्याला आत वाट राहत नाही. परंतु प्रत्येक कारखान्याचा साचा थोडाथोडा वेगळा. एकाच्या कौलात दुसऱ्याचे कौल नीट बसत नाही, आणि बसवलेच तर दोघांमध्ये बोटभर फट राहते. त्या जुन्या कारखान्यांपैकी कित्येक आज बंद पडलेले आहेत. तेव्हा फुटलेल्या कौलाच्या पाठीवरचा छाप वाचून, त्याच छापाची कौले पंचक्रोशीत कोणाच्या मोडलेल्या गोठ्यावर किंवा उतरवलेल्या घरामागे रचून ठेवलेली आहेत काय, याचा शोध घ्यावा लागतो. आणि या शोधाला आठवडे लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत असंख्य घरांची छपरे एका दुपारीत उघडी पडली, तेव्हा ऐन पावसाच्या तोंडावर कौले आणि पत्रे मिळवताना लोकांची काय त्रेधा उडाली हे अनेकांना आठवत असेल. वादळ कोणाला रोखता येत नाही. पण ज्याच्या गोठ्यात आपल्याच छापाची शंभर कौले अगोदरची रचून ठेवलेली होती, त्याला निदान देवघर आणि माजघर तरी तत्काळ झाकता आले.

बंद घरांविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कोणत्याही वाडीत गेले तरी कुलूप लावलेली घरे दिसतात. मालक मुंबईत, पुण्यात, क्वचित परदेशात. घर पडते ते एकाएकी पडत नाही. प्रथम एक कौल सरकते. त्या फटीतून पडणारे पाणी एकाच रिपेवर पडत राहते. ती रीप दुसऱ्या पावसाळ्यात मोडते आणि तिच्यावरची ओळ खाली घसरते. मग वासा भिजू लागतो, त्याचे टोक कुजते, आणि पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. भिंत चिऱ्याची असेल तर ती काही काळ तग धरते. मातीची असेल तर तिचा माथा विरघळू लागतो, आणि एखाद्या श्रावणात, रात्री, कोणी ऐकायला नसताना, ती आडवी होते. चार-पाच पावसाळ्यांत संपणाऱ्या या क्रमातली पहिली पायरी एका कौलाची, म्हणजे पाच मिनिटांच्या कामाची होती. म्हणून ज्यांची घरे बंद आहेत त्यांनी भावकीतल्या किंवा शेजारच्या कोणाला किल्ली देऊन, वर्षातून एकदा हिवाळ्यानंतर माळ्यावर जाऊन येण्याची विनंती करावी, आणि त्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. केवळ नात्यावर सोडलेले काम पहिल्या वर्षी होते, तिसऱ्या वर्षी होत नाही.

घाटावर आलो की छपराचे रूप पालटते आणि पाहणीचा अर्थही. मराठवाड्यात व खानदेशात धाब्याची, माळवदाची घरे आहेत: लाकडी कड्यांवर फळ्या, त्यावर पाला, आणि त्यावर मातीचा थर. हिवाळ्यात ही माती आकसते व भेगाळते. पावसाळ्यात उगवलेले गवत वाळून त्याच्या मुळांच्या जागी पोकळ वाटा उरतात. घुशी आणि उंदीर त्यांचे रस्ते करतात. तेव्हा उन्हाळ्यात नवी माती पसरायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. परंतु जुनी माती न खरवडता तिच्यावर दरवर्षी नवी चढवीत गेल्याने कित्येक घरांवर दीड-दोन फुटांपर्यंत थर साचत गेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचा तो अजस्र भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. हजारो जीव गेले. भूकंपाचा दोष छपराला देता येणार नाही. पण छपराचे वजन हाही पाहणीचा विषय आहे, आणि किंबहुना माळवदाच्या बाबतीत तोच पहिला विषय आहे, हे ज्ञान आपल्याला फार मोठ्या किमतीला मिळालेले आहे. माळवदाच्या कडेला, पन्हळीजवळ, मातीचा थर किती जाड झाला आहे हे काठी खुपसून मोजता येते, आणि आतून एखादी कडी खाली वाकली आहे काय हे दोरी ताणून पाहता येते. नवी माती टाकण्यापूर्वी तितकीच जुनी उतरवावी, हा नियम प्रत्येक धाब्याच्या घरात पाळला गेला पाहिजे.

गारपिटीचे दिवसही हेच. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर आणि विदर्भावर जी गारपीट झाली तिच्या आठवणीने शेतकऱ्याचा जीव आजही कासावीस होतो. गारपिटीनंतर शेतीचे पंचनामे लगबगीने व्हावेत हे योग्यच. परंतु त्याच गारांनी कौलांना पाडलेल्या केसभर भेगा आणि सिमेंटच्या पत्र्यांना पडलेले तडे जूनपर्यंत कोणाच्या नजरेस येत नाहीत, आणि तोपर्यंत कोणत्याही पंचनाम्याची मुदत उलटून गेलेली असते.

शहरातल्या वाचकाला वाटेल की आमच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे, आम्हांला याचे काय. काँक्रीट दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक लक्षांशाने प्रसरण पावते. नाशिक, नागपूर, जळगाव येथे हिवाळ्याच्या अखेरीस रात्रीच्या आणि भर दुपारच्या गच्चीच्या पृष्ठभागाच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे दहा मीटर लांबीचा स्लॅब रोज अडीच मिलिमीटर ताणला जातो आणि रोज तेवढाच आकसतो. ही ओढाताण जेथे अडते तेथे, बहुधा गच्चीच्या कठड्याच्या पायथ्याशी, चीर जाते. त्या चिरेत धूळ बसते, पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते, आणि फाल्गुनात तेथे तांबूस कोवळी दोन पाने दिसतात. ते रोप तेव्हाच मुळासकट निघते. पुढच्या वर्षी ते निघत नाही, कारण मूळ कोब्याखाली गेलेले असते. सौर बंबाचे आणि सौर पट्ट्यांचे पाय बसवताना कोब्याला पाडलेली भोकेही याच वेळी पाहावीत. चैत्र-वैशाखात पापड-कुरडया वाळत घालायला ज्या गृहिणी गच्चीवर जातात, त्यांना कोणत्या कोपऱ्यात पाय टेकला की फरशी पोकळ वाजते हे बरोबर ठाऊक असते. गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी कंत्राटदार बोलावण्यापूर्वी त्यांना विचारावे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. ही तरतूद चांगली आहे, परंतु ती इमारतीच्या सांगाड्यासाठी आहे; गच्चीची हानी दर हिवाळ्यात होते, तिला तीन वर्षे थांबायला सवड नसते. शिवाय गच्ची ही साऱ्या संस्थेची असताना तिच्या गळतीचा त्रास मात्र वरच्या मजल्यावरचे एक कुटुंब भोगते, आणि ते कुटुंब तगादा लावून लावून थकेपर्यंत बाकीच्यांना त्याची झळ लागत नाही, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

परंतु खाजगी घरांच्या मालकांना निदान स्वतःचे हित कळते. माझा खरा आग्रह सार्वजनिक इमारतींविषयी आहे, आणि त्यांतही गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी येथे पाऊस चालू असताना शाळेची इमारत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २०२५ च्या जुलैमध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर सर्व शाळांची तातडीने तपासणी करण्याचे हुकूम निघतात. म्हणजे तपासणी होते ती भर पावसाळ्यात, जेव्हा धोका दिसला तरी वर्ग दुसरीकडे हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. दुरुस्तीची मागणी मग दप्तरात दाखल होते, मंजुरीच्या वाटेवर मार्च उजाडतो, आणि दिरंगाईचा जाब कोणालाच विचारता येत नाही, कारण छप्पर कोणत्या दिवशी, कोणी पाहिले आणि काय आढळले याची नोंदच कोठे नसते.

यासाठी नवे खाते नको, नवा कायदाही नको. प्रजासत्ताकदिनी, २६ जानेवारीला, गावोगाव ग्रामसभा भरते; तीत शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायतीची स्वतःची इमारत यांच्या छपरांची पाहणी फेब्रुवारीअखेर करण्याचा ठराव व्हावा. पाहणीला मुख्याध्यापक असावेत, शिक्षणहक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक असावा, आणि गावातला एक सुतार किंवा गवंडी असावा, ज्याला त्या दिवसाची मजुरी रोख मिळावी. जे आढळेल ते एका वहीत तारखेनिशी लिहावे, तिघांनी सही करावी, वाशाचा किंवा तड्याचा फोटो काढून वहीत चिकटवावा, आणि एक प्रत मार्च संपण्याच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचवून तिची पोच घ्यावी. तीच वही १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि काय झाले व काय राहिले हे सरपंचांनी सर्वांसमक्ष सांगावे. त्या दिवशी शाळांना सुट्टी लागण्याच्या बेतात असते आणि मृग पाच आठवड्यांवर असतो. वर्ग रिकामे असताना कौले उतरवता येतात, वासे बदलता येतात, स्लॅबचे सुटलेले पोपडे ठोकून पाडता येतात आणि उघडी पडलेली सळई साफ करून पुन्हा झाकता येते. जूनच्या मध्यावर शाळा भरली, बाके मांडली गेली आणि पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसली, की त्यांच्या डोक्यावर हे काम कोणालाच करता येत नाही.